आपत्तीनंतरचे पहिले सत्र : न्यू ऑर्लिन्सच्या विद्यार्थ्यांची हकीकत

पूर आला, वादळ झाले किंवा धरणी हादरली की वर्तमानपत्रांतून मृतांचा आकडा येतो. पडलेल्या घरांचा, वाहून गेलेल्या जनावरांचा आणि बुडालेल्या पिकांचाही येतो. त्या आपत्तीमुळे किती मुलामुलींचे कॉलेज सुटले, हा आकडा मात्र क्वचितच छापून येतो. याचे कारण उघड आहे. घर पडले तर ते सर्वांना दिसते. शिक्षण सुटते ते दिसत नाही. मुलगा म्हणतो, "यंदा राहू दे, दुकान उभे करू, पुढच्या वर्षी बघू." मुलीच्या बाबतीत तर तेवढेही कोणी बोलत नाही. घरात चूल पेटायची पंचाईत असताना तिच्या फीची गोष्ट काढायची कोणी? तिचे पुस्तक मिटते आणि त्याच वर्षी स्थळे येऊ लागतात. "पुढचे वर्ष" बहुतेकांच्या नशिबी येत नाही.

शाळेतल्या लहान मुलांची सोय समाज लवकर करतो. मंडपात वर्ग भरतो, वह्यापुस्तके वाटली जातात, मध्यान्ह भोजन सुरू होते. कॉलेजच्या विद्यार्थ्याला मात्र आपण मोठा समजतो. तो हातपाय हलवील, कमावील, असे धरून चालतो. परंतु फी, वसतिगृह, परीक्षेचा अर्ज, मागील गुणपत्रिका आणि हजेरी या पाच दोऱ्यांवर त्याचे शिक्षण लोंबकळत असते. त्यांपैकी एक तुटली तरी सारे खाली येते. या पाचही दोऱ्या एकाच दिवशी तुटल्या आणि तरीही हजारो विद्यार्थ्यांचे शिक्षण सावरले गेले, अशी एक घटना अलीकडच्या इतिहासात घडली आहे. ती दूरच्या मुलुखातील असली तरी आपल्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. म्हणून तिची हकीकत प्रस्तुत लेखात देत आहे.

शहर बुडाले ते कसे

अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्स हे शहर वसले आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचे विस्तीर्ण सरोवर आणि मधला शहराचा बराच भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली, अशी त्याची ठेवण आहे. बशीसारख्या या शहराभोवती मातीचे बांध आणि काँक्रीटच्या पूरभिंती बांधून पाणी बाहेर ठेवलेले होते. २९ ऑगस्ट २००५ रोजी, सोमवारी, कॅटरीना नावाचे चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. वादळाने नासधूस केलीच. परंतु शहर बुडाले ते वादळ पुढे सरकत असताना फुटलेल्या पूरभिंतींमुळे. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेल्या या भिंती अनेक ठिकाणी ढासळल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. हजाराहून अधिक माणसे दगावली. ज्यांच्याजवळ मोटार होती ते आधीच निघून गेले होते. ज्यांच्याजवळ नव्हती ते मागे राहिले. मागे राहिलेल्यांत गरीब आणि कृष्णवर्णीय लोक मोठ्या संख्येने होते. निसर्ग भेदभाव करीत नाही असे आपण म्हणतो. पण त्याच्या तडाख्यात कोण उभे असते, हे मात्र माणसाच्या व्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले असते.

अमेरिकेतील कॉलेजे ऑगस्टअखेरीस सुरू होतात. वादळ आले ते नेमके पहिल्या सत्राच्या तोंडावर. न्यू ऑर्लिन्समध्ये ट्युलेन आणि लोयोला ही दोन मोठी खाजगी विद्यापीठे, न्यू ऑर्लिन्स विद्यापीठ आणि सदर्न विद्यापीठाची शाखा या सरकारी संस्था, तसेच डिलर्ड आणि झेवियर ही कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली दोन नावाजलेली विद्यापीठे होती. ट्युलेनमध्ये २७ ऑगस्टला, शनिवारी, नवे विद्यार्थी आईवडिलांसह आपल्या ट्रंका घेऊन वसतिगृहात दाखल झाले. त्याच दिवशी अध्यक्ष स्कॉट कावेन यांनी त्यांना शहर सोडायला सांगितले. ज्यांना जायला ठिकाण नव्हते अशा सुमारे ६०० जणांना बसमधून मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे हलविण्यात आले. डिलर्डचे विद्यार्थी श्रीव्हपोर्टच्या एका कॉलेजात आश्रयाला गेले. वाटेत त्यांच्या एका बसला आग लागली. मुले सुखरूप उतरली, पण त्यांचे उरलेसुरले सामान तिथेच जळाले. झेवियरचे शेकडो विद्यार्थी वसतिगृहातच अडकले आणि काही दिवसांनी त्यांची सुटका झाली.

न्यू ऑर्लिन्स आणि आसपासच्या परिसरातील पाऊण लाखाच्या आसपास विद्यार्थी अशा रीतीने एका आठवड्यात कॉलेजवाचून उरले. वर्ग पाण्यात, ग्रंथालये पाण्यात, प्राध्यापक दहा गावी पांगलेले. नोंदी ठेवणारे संगणक बंद आणि दूरध्वनी मुके. आपण कोणत्या वर्गात आहोत, कोणते विषय उत्तीर्ण झालो आहोत, हे सिद्ध करणारा एक कागदही अनेकांजवळ नव्हता.

पाहुणा विद्यार्थी

पुढे जे घडले त्यात पहिले पाऊल इतर कॉलेजांनी उचलले. देशभरातील विद्यापीठांनी जाहीर केले की पूरग्रस्त विद्यार्थ्यांनी यावे, आम्ही त्यांना या सत्रापुरते बसवून घेऊ. सत्र सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे झाले होते, प्रवेशाच्या मुदती उलटून गेल्या होत्या, तरी दारे उघडली गेली. गुणपत्रिका नसेल तर विद्यार्थ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, कागद पुढे मिळतील तेव्हा तपासावेत, असे धोरण पुष्कळांनी स्वीकारले. एकट्या ट्युलेनचे विद्यार्थी पाचशेहून अधिक संस्थांमधून विखुरले होते. लोयोला हे जेझुइट पंथीयांचे विद्यापीठ. आपल्या मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेजही याच पंथाचे. अमेरिकेतील इतर जेझुइट कॉलेजांनी लोयोलाची मुले आपल्या घरची समजून घेतली. लुइझियाना राज्य विद्यापीठाने बॅटन रूज येथे दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्याच आवारातील खेळांच्या प्रेक्षागृहात तेव्हा जखमींसाठी रुग्णालय चालले होते. एका छपराखाली जखमी आणि शेजारच्या इमारतीत नव्या विद्यार्थ्यांची नोंदणी, असे ते दिवस होते.

या सर्वांत एक बारकावा फार महत्त्वाचा आहे आणि तो संस्थाचालकांनी विशेष ध्यानात घ्यावा. या मुलांना कायमचा प्रवेश देण्यात आला नाही, तर "पाहुणा विद्यार्थी" म्हणून घेण्यात आले. उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय संघटनांनी आपल्या सभासद संस्थांना आवाहन केले की, ज्याने मूळ कॉलेजात फी भरली आहे त्याच्याकडून दुसरी फी घेऊ नये. आणि ज्याने भरलेली नाही त्याच्याकडून घेतलेली रक्कम मूळ कॉलेजाच्या कामी यावी. याचे कारण असे की बुडालेल्या कॉलेजांची मिळकत मुख्यतः फीवर होती. मुले दुसरीकडे गेली, फीही तिकडेच गेली आणि तिकडेच स्थिरावली, तर पाणी ओसरल्यावर उघडायला कॉलेजच उरले नसते. प्राध्यापकांचे पगार थांबले असते आणि पुढच्या पिढीची सोय कायमची बुडाली असती. म्हणजे विद्यार्थ्याला वाचविताना त्याच्या संस्थेलाही वाचवायचे, असा हा दुहेरी विचार होता. शेजाऱ्याचे घर जळत असताना त्याच्या मुलाला आपल्या घरी झोपवावे, पण त्याला दत्तक घेऊन टाकू नये. असा हा शहाणपणाचा व्यवहार होता.

शासनाचाही यात वाटा होता. अमेरिकेत गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकार शिक्षणासाठी अनुदान देते आणि विद्यार्थ्याने सत्र अर्धवट सोडले तर त्याचा काही भाग परत करावा लागतो. सप्टेंबर २००५ मध्ये तेथील संसदेने तातडीने कायदा करून आपत्तीग्रस्तांपुरती ही अट शिथिल केली. ज्याचे घर गेले त्याच्या दारात पुन्हा वसुलीचा कागद येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

घरबसल्या सत्र

ज्यांना कोठेही जाणे शक्य नव्हते त्यांचे काय? कोणी आजारी आईजवळ, कोणी नातेवाइकांच्या एका खोलीत, कोणी सरकारी छावणीत. अशांसाठी आल्फ्रेड स्लोन प्रतिष्ठानाने दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली आणि दक्षिणेकडील राज्यांच्या शिक्षण मंडळाच्या साहाय्याने संगणकावरून शिकण्याचे एक खास सत्र उभे राहिले. त्याला "स्लोन सत्र" म्हणतात. दीडशेहून अधिक संस्थांनी आपले सुमारे १,३०० अभ्यासक्रम विनाशुल्क खुले केले. एरवी असा कार्यक्रम आखायला वर्ष लागते. येथे ऑक्टोबर २००५ मध्ये, वादळानंतर सहाच आठवड्यांनी, शिकवणी सुरू झाली. सुमारे १,७०० विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, आपल्या मुलांनी मोबाईलवर वर्ग केले ते सर्वांना आठवत असेल. त्याच्या पंधरा वर्षे आधी, आपत्तीत सापडलेल्यांसाठी हा मार्ग असा वापरला गेला होता.

न्यू ऑर्लिन्स विद्यापीठानेही ऑक्टोबरातच संगणकावरून आणि शहराबाहेरील कोरड्या जागांतून आपले सत्र सुरू केले. वैद्यकीय महाविद्यालये तर क्षणभरही थांबू शकत नव्हती. ट्युलेनचे वैद्यकीय महाविद्यालय ह्यूस्टनच्या बेलर महाविद्यालयात गेले. राज्य विद्यापीठाचे बॅटन रूजला हलले. तेथे राहायला जागा मिळेना, तेव्हा फिनजेट नावाचे प्रवासी जहाज भाड्याने घेऊन मिसिसिपीच्या काठाला उभे करण्यात आले. वैद्यकीय विद्यार्थी आणि अध्यापक त्या जहाजावर राहून शिकले आणि शिकवू लागले. वसतिगृह नाही म्हणून कॉलेज बंद, असे कोणी म्हटले नाही.

हॉटेलातले विद्यापीठ

पाणी ओसरल्यावर खरी कसोटी लागली. डिलर्ड विद्यापीठाची मुळे १८६९ पर्यंत, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, जातात. त्याचे आवार ज्या कालव्याजवळ होते त्याचीच भिंत फुटली होती. इमारतींत पुरुषभर पाणी शिरले आणि त्यातच आग लागून काही वसतिगृहे जळून गेली. अध्यक्षा मार्व्हेलीन ह्यूज यांनी जुलै २००५ मध्ये, वादळाच्या थोडेच आधी, पदभार घेतला होता. आवार दुरुस्त व्हायला वेळ लागणार हे दिसताच त्यांनी नदीकाठच्या हिल्टन हॉटेलात विद्यापीठ मांडले. जानेवारी २००६ पासून मुले हॉटेलच्या खोल्यांत राहू लागली आणि सभागृहांतून वर्ग भरू लागले. सुमारे १,१०० विद्यार्थी परत आले. जुलै २००६ मध्ये पदवीदान मात्र जुन्या आवारातच, ओक वृक्षांच्या रांगेत झाले. इमारती अजून उघडल्या नव्हत्या, तरी पदवी आपल्याच भूमीवर घ्यायची असा सर्वांचा आग्रह होता.

झेवियर विद्यापीठाची कथा आणखी बोलकी आहे. कॅथॉलिक धर्मभगिनी कॅथरीन ड्रेक्सेल यांनी कृष्णवर्णीयांसाठी स्थापलेली ही संस्था १९२५ साली महाविद्यालय झाली. अमेरिकेत सर्वांत अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी ज्या महाविद्यालयांतून वैद्यकीय शिक्षणाकडे जातात त्यांत तिचे नाव अग्रभागी असते. तिचे तेव्हाचे अध्यक्ष नॉर्मन फ्रान्सिस हे न्हाव्याचे पुत्र. लहानपणी त्यांनी बूटपॉलिश करून पैसे मिळविले, याच झेवियरमधून पदवी घेतली, पुढे लोयोलाच्या कायदा महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले आणि १९६८ पासून झेवियरचे अध्यक्षपद सांभाळले. पुरात त्यांचे स्वतःचे घर बुडाले होते. जवळजवळ प्रत्येक इमारतीचा तळमजला पाण्यात गेलेला, हाती पैसा नाही. अनेक प्राध्यापक आणि सेवकांना नाइलाजाने कमी करावे लागले. तरी जानेवारीत विद्यापीठ उघडायचेच, असे त्यांनी जाहीर केले. १७ जानेवारी २००६ रोजी ते उघडले आणि चारांपैकी सुमारे तीन विद्यार्थी परत आले. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून जानेवारी ते ऑगस्ट या काळात लागोपाठ दोन सत्रे घेण्यात आली. ऑगस्ट २००६ मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना पदवी मिळाली. त्या समारंभाला भाषण करायला आले होते बराक ओबामा. तेव्हा ते सिनेटर होते.

कतारची मदत

आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगायला हवी. कॅटरीनानंतर अनेक देशांनी अमेरिकेला मदत देऊ केली. त्यांत कतार या छोट्या मुस्लिम देशाने दहा कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले आणि ती रक्कम कशी खर्च होते याकडे जातीने लक्ष ठेवले. त्यातून मे २००६ मध्ये झेवियर विद्यापीठाला एक कोटी पंचाहत्तर लाख डॉलर मिळाले. ट्युलेनला आपत्तीग्रस्त भागातील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी एक कोटी डॉलर मिळाले. झेवियरने त्या पैशांतून औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचा विस्तार केला. २०१० साली तयार झालेल्या त्या इमारतीला "कतार पॅव्हिलियन" असे नाव आहे. धर्मभगिनींनी स्थापलेली कॅथॉलिक संस्था, तिच्यात शिकणारी कृष्णवर्णीय मुले आणि मदत अरबस्तानातील मुसलमानांची. कोणी कोणाचा धर्म विचारला नाही. मदत मागणाऱ्याची जात पाहणाऱ्या आजच्या जगात हा दाखला जपून ठेवावा असा आहे.

जे परत आले नाहीत

येथवरची हकीकत वाचून सारे गोड झाले असे कोणाला वाटेल, तर तसे नाही. ट्युलेन ही श्रीमंत संस्था. तिचे दहांपैकी जवळजवळ नऊ विद्यार्थी जानेवारीत परत आले. झेवियरचे चारांत तीन. डिलर्डचे मात्र निम्म्याच्या आसपासच. सदर्न विद्यापीठाच्या न्यू ऑर्लिन्स शाखेत नोकरी करून शिकणारी, मुलेबाळे असलेली माणसे पुष्कळ होती. ती संस्था सरकारने आणून दिलेल्या डब्यांसारख्या फिरत्या खोल्यांतून सुरू झाली आणि पूर्वपदाला यायला तिला वर्षे लागली.

या आकड्यांच्या उतरंडीचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याच्या घरी दुसऱ्या गावी राहण्याचा खर्च उचलण्याची ऐपत होती, त्याचे एक सत्र दुसऱ्या कॉलेजात गेले आणि तो परतला. ज्याच्या बापाची नोकरीच वाहून गेली, त्याला फी माफ होऊनही उपयोग झाला नाही. कारण त्याला फीइतकीच गरज होती ती भाकरीची, खोलीची, बसच्या भाड्याची आणि घरी पाठवायच्या चार पैशांची. फी माफ केली म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी ही उतरंड डोळ्यांपुढे ठेवावी. दुसरी गोष्ट अशी की जे पहिल्या सत्रात कोठे ना कोठे वर्गात बसले, त्यांना परतण्याची वाट मोकळी राहिली. आपत्तीनंतरचे पहिले सहा महिने हेच निर्णायक असतात. उंबरठ्यावर पाय असतो तोवरच हाक मारण्यात अर्थ आहे.

आपल्या घरचे उदाहरण

हे सारे श्रीमंत देशाला साधले, आपल्याला कसे साधावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि साडेनऊ हजारांहून अधिक लोक मरण पावले. तेव्हा भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त गावांतील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणले. पुढे वाघोली येथे त्यांची राहण्याची, जेवण्याची आणि शिक्षणाची सोय केली. दोन दिवसांचे अन्नवाटप करून ते थांबले नाहीत. मुले शिकून आपल्या पायांवर उभी राहीपर्यंत, म्हणजे वर्षानुवर्षे, हे काम चालले. एका छोट्या समाजाच्या संघटनेने दुसऱ्या समाजांची मुले सांभाळली. आपणा अल्पसंख्याकांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि बोर्डिंगची परंपरा तर आपल्याला नवी नाहीच. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत. त्यांच्या "कमवा आणि शिका" या पद्धतीवर गरिबांच्या पिढ्या शिकल्या. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा फी माफ करण्याची आपल्या राज्याची रीतही जुनी आहे. साधने आपल्याजवळ आहेत; ती वेळेवर एकत्र आणण्याची सवय मात्र नाही.

आपत्तीही काही परक्या मुलुखातच येतात असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेने कोल्हापूर-सांगली वेढली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडचा किनारा झोडपला. श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांतील नारळी-पोफळी, म्हणजे कितीतरी घरांची फी भरणारी झाडे, आडवी झाली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली आणि सावित्रीने महाडची. जुलै म्हणजे आपल्याकडे प्रवेशाचा महिना. ज्या कपाटात दुकानाचे हिशेब होते त्याच कपाटात मुलांच्या गुणपत्रिका होत्या.

इल्मचा हक्क

आपल्या दीनची शिकवण या बाबतीत काय सांगते? बद्रच्या लढाईनंतर, हिजरी सन २ मध्ये, मक्केचे काही लोक कैद होऊन मदीनेत आले. त्यांच्यापैकी ज्यांच्याजवळ खंडणी भरायला काही नव्हते, परंतु ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे हुजूर पैगंबर साहेबांनी (स. अ. व.) ठरविल्याचे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. तो काळ सुबत्तेचा नव्हता. मुहाजिर घरदार सोडून आलेले होते, युद्ध नुकतेच संपले होते, घरोघरी तंगी होती. तरीही खंडणीच्या पैशांऐवजी मुलांचे शिक्षण पत्करले गेले. संकट आहे म्हणून शिक्षण थोडे थांबवू, असा विचार तेथे झाला नाही.

कुरआन शरीफमध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन यांच्याबरोबर "इब्नुस्सबील" म्हणजे वाटसरूही आहे. घरी भले काही असो, वाटेत जो अडचणीत सापडला तो. घर वाहून गेलेला, परगावी शिकणारा विद्यार्थी या वाटसरूपेक्षा वेगळा आहे काय? या बाबतीतील बारकावे आलिम साहेबांना विचारून घ्यावेत. पण विचार तरी आपण करावा.

आपण काय करू शकतो

या इतिहासातून आपल्या समाजाने आणि शिक्षण संस्थांनी घेण्याजोग्या चार गोष्टी मला दिसतात.

पहिली, पाहुण्या विद्यार्थ्याची. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून मुस्लिम शिक्षण संस्थांची कॉलेजे आणि वसतिगृहे आहेत. त्यांनी आपापसांत आधीच ठरवून ठेवावे की एकाच्या गावी पूर आला तर दुसऱ्याने त्याची मुले एका सत्रासाठी सांभाळावीत, विद्यापीठाची परवानगी एकत्र मागावी, आणि पाणी ओसरल्यावर ती मुले सन्मानाने परत पाठवावीत. आपत्ती आल्यावर ठराव करायला बसलो तर सत्र निघून जाते.

दुसरी, फीपलीकडच्या मदतीची. आपत्तीसाठी म्हणून जो निधी ठेवला जाईल, त्यातील काही भाग खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांसाठी राखून ठेवावा आणि तो अर्ज आल्यापासून थोड्या दिवसांत हाती पडावा. सहा महिन्यांनी समारंभात दिलेला धनादेश छायाचित्रात शोभतो. पण ज्याने सहा महिन्यांपूर्वीच कॉलेज सोडले, त्याला त्याचा उपयोग नाही.

तिसरी, कागदपत्रांची. प्रत्येक पालकाने मुलांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले आणि जातीचे किंवा उत्पन्नाचे दाखले यांच्या प्रती घराबाहेर कोठेतरी, नात्यातल्या एखाद्याकडे किंवा संस्थेच्या कार्यालयात ठेवाव्यात. आता सरकारच्या डिजिलॉकरमध्ये अनेक कागद ठेवता येतात. विद्यार्थ्यांनी आपले खाते स्वतः उघडावे आणि आईवडिलांचेही उघडून द्यावे. न्यू ऑर्लिन्सच्या मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवला गेला. आपल्या मुलांना अशी सवलत मिळेलच याची खात्री धरून चालू नये.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, मुलींची. आपत्तीनंतर मदतीची यादी करताना घरातील कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे नाव वेगळे लिहावे. तिचे सत्र चालू आहे की सुटले, याची विचारपूस मोहल्ल्यातील एखाद्या शिक्षिकेने किंवा शिकलेल्या भगिनीने घरी जाऊन करावी. मुलगा स्वतः येऊन मागेल; मुलगी येणार नाही. जिची विचारपूस झाली नाही तिचे शिक्षण गेलेच म्हणून समजावे. आणि पालकांना एवढीच विनंती की, पूर ओसरल्यावर पहिल्यांदा जे खर्च कापायचे असतील त्यांत लेकीची फी सर्वांत शेवटी धरावी. दुकान पुन्हा उभे राहते, घराच्या भिंती पुन्हा चढतात. गेलेले शिक्षणाचे वय मात्र परत येत नाही.

विद्यार्थी मित्रांनाही दोन शब्द. तुमच्यापैकी बहुतेकांवर अशी वेळ येऊ नये, हीच दुआ. परंतु तुमच्या वर्गात एखादे नवे मूल मधूनच येऊन शेवटच्या बाकावर बसले, त्याच्याजवळ पुस्तक नसले, तर तो आपला पाहुणा आहे असे समजा. आपल्या टिपणवह्या त्याला द्या. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान, गोरे आणि काळे अशा सर्वांच्या हातांनी न्यू ऑर्लिन्सची ती मुले वर्गात परत आली. पदवी घेऊन त्यांपैकी कितीतरी जण डॉक्टर, औषधनिर्माते आणि शिक्षक झाले, आणि त्याच शहराच्या सेवेला लागले. ज्या शहराने विद्यार्थी राखले, त्या शहराला पुढे ती माणसे मिळाली.

अल्लाह तआला आपल्या सर्व गावांना आपत्तीपासून सलामत राखो, आणि ती आलीच तर एकमेकांच्या मुलांना सांभाळण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो. आमीन.